डाव्या पायाचा दिवा

यमुताईंना प्रश्न पडत, आणि पडलेला प्रश्न पोटात ठेवणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. सीताबर्डीवर पातळ घ्यायला गेल्या की पातळाआधी दुकानदाराच्या गजाची तपासणी व्हायची. दवाखान्यात डॉक्टरच्या गळ्यातली नळी स्वतःच्या कानाला लावून पाहिल्याशिवाय त्या औषधाची बाटली हातात घेत नसत. नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या गल्लीत लोक म्हणायचे, यमुताईंच्या प्रश्नांना उत्तरं देण्यापेक्षा विहिरीचा गाळ काढणं सोपं. अशा बाईची मुलगी हवाईसुंदरी झाली, तेव्हा गल्लीला वाटलं, आता हिचे प्रश्न आभाळाला भिडणार.

झालं उलटंच. लतिकाला नोकरी लागून दोन वर्षं होत आली तरी यमुताईंनी त्या नोकरीबद्दल अवाक्षर विचारलं नव्हतं. विमानाबद्दल विचारायच्या. विमान मागे का जात नाही, पंखा थांबला तर काय, आत संडास कुठं रिकामा होतो, सगळं. पण तू तिथं करतेस काय, हे नाही. तो विषय आला की त्या पोह्यातली मिरची बाजूला काढावी तसा काढून ठेवायच्या, कारण त्यांच्या मनात ती नोकरी म्हणजे दोन दिवसांची हौस होती.

आता ती हौस पुरी व्हायची वेळ आली होती. धाकटे दीर भैय्याजी यांनी अमरावतीचं एक स्थळ आणलं होतं. घर वकिलाचं, मुलगा प्राध्यापक, आणि अट एकच, मुलगी घरी राहिली पाहिजे. तशी अट त्यांनी घातली नसती तरी चाललं असतं, कारण लग्न झालेल्या मुलीला कंपनीही विमानात ठेवत नव्हती. म्हणजे होकार दिला की राजीनामा आलाच. दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यांना उत्तर पाहिजे होतं आणि आदल्या संध्याकाळी, म्हणजे खंडेनवमीला, भैय्याजी ते घेऊन अमरावतीच्या मोटारीत बसणार होते. लतिकाचे वडील मधुकरराव सरकारी कचेरीत आयुष्य काढलेले. त्यांनी फाइल पुढच्या टेबलावर सरकवावी तसा प्रश्न सरकवला, "तिच्या आईचं जे मत, तेच माझं."

आणि आईचं मत काय? यमुताई म्हणाल्या, "न पाहता मी हो म्हणत नाही अन् नाही पण म्हणत नाही. एकदा मला ने तुझ्या विमानात. काय करून राहिली तू तिथं, ते पाहू दे."

म्हणून त्र्याहत्तर सालच्या खंडेनवमीला, सकाळच्या कोवळ्या उन्हात, लतिका आपल्या आईला घेऊन सोनेगावच्या विमानतळावर आली. घरच्या माणसांना मिळणारा पास होता. विमान सकाळी हैदराबादला जाणार आणि दुपारनंतर परत नागपूरला येणार होतं. तेवढ्या फेरीत लतिकाची परीक्षा होती, आणि परीक्षक कोण, तर साक्षात यमुताई! लतिकाला रात्रभर झोप लागली नव्हती. तिला उडायला आवडत होतं. हे तिनं घरी कधी सांगितलं नव्हतं, कारण आपल्याला आवडतं हे काही कारण होऊ शकतं, असं तिच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

विमान होतं फॉकर, दोन पंख्यांचं. त्याचे पंख खिडक्यांच्या वरून गेलेले असायचे आणि चाकांचे लांब पाय पंखांखालून लोंबायचे, त्यामुळे खिडकीत बसलेल्याला ते बाहेर येताना, आत जाताना सरळ दिसायचे. बळीराम मेकॅनिकनं आपल्या हत्यारांच्या पेटीला झेंडू वाहिला होता, नारळही फोडला होता, पण बाजूला, सिमेंटवर. यमुताईंनी पिशवीतून हळदीकुंकवाची कोयरी काढली तसा तो आडवा आला.

"बाई, विमानाले हात लावाचा नाही. साहेबानं पाह्यलं तं माही वाट लागते."

"अरे, आज खंडेनवमी! तू पेटी पुजली, शिंपी मशीन पुजतो. माझ्या लेकीचं हत्यार हेच ना?"

"मॅडमले इचारा मंग."

मॅडम तेव्हा शिडीवर उभी राहून नाश्त्याचे डबे आत घेत होती. आईनं पहिल्यांदा विमानाला तिचं 'हत्यार' म्हटलं होतं. तेवढ्यानं ती विरघळली. "लाव, पण चाकाच्या रबरालाच. अन् पटकन," असं म्हणून ती आत वळली. बळीरामला तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. यमुताई चाकाजवळ एकट्याच उरल्या.

जाताना सगळं छान झालं. यमुताईंना डावीकडची, चाकासमोरची खिडकी मिळाली. विमान उचललं गेलं आणि चाकाचा पाय गुडघ्यात मोडून वर पंखाच्या पोटात गेला, तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. मग मान वळवून त्या लेकीकडे बघत बसल्या. लतिकानं चहा दिला, गोळ्या दिल्या, एका म्हाताऱ्याच्या पाठीवरून हात फिरवून त्याला कागदी पिशवीत उलटी करू दिली, पिशवी उचलून नेली, हात धुतले, पुन्हा हसत आली. यमुताई बघत होत्या. हैदराबादला विमान रणरणत्या उन्हात बराच वेळ उभं होतं. तिथं इमारतीच्या सावलीत त्यांनी लेकीनं दिलेला डबा खाल्ला आणि एकच वाक्य बोलल्या, "घरी पण हेच करावं लागतं गं, फक्त पाय जमिनीवर असतात." लतिकानं रिकामा डबा उचलला. निकाल लागला, तिला कळलं.

परतीच्या वाटेवर यमुताईंच्या शेजारी पारशिवनीचे शालिकराम बसले. संत्र्याचे बागाईतदार, धोतर, कोट, हातात नवी कोरी छत्री. हैदराबादच्या व्यापाऱ्याशी बोलणी करून परत चालले होते. विमानात हेही पहिलटकरच, त्यामुळे यमुताईंना त्यांना सगळं समजावून सांगता आलं. सकाळी शिकलेली बाई दुपारी मास्तरीण झाली होती.

नागपूर जवळ आलं. खाली अंबाझरी तलावाचं पाणी चकाकलं, विमान खाली झुकलं, आणि चाकं बाहेर यायचा तो ओळखीचा घरघराट झाला. मग विमान उतरायचं सोडून पुन्हा वर चढलं.

लतिकाला हे अंगातूनच कळलं. दोन वर्षांत असं पहिल्यांदा होत होतं. तेवढ्यात पायलटच्या खोलीतून बोलावणं आलं.

आत कॅप्टन मधुसूदन डाव्या खुर्चीवर आणि शरच्चंद्र हा तरुण सहवैमानिक उजव्या खुर्चीवर होता. मधुसूदन विमान चालवताना कधी आवाज चढवत नसत. आताही चढवला नव्हता, पण एक भोंगा एकसारखा कोकलत होता आणि त्यांनी तो बोटानं बंद केला.

"लतिका, हे बघ," ते म्हणाले. समोर तीन दिव्यांची जागा होती. पुढच्या चाकाचा दिवा हिरवा. उजव्या पायाचा हिरवा. डाव्याचा लाल. "पाय बाहेर येऊन पक्का बसला की दिवा हिरवा होतो. डावा होत नाहीये."

"दिवा गेला असेल, सर?"

"तेच पाहिलं पहिल्यांदा." शरच्चंद्रनं उजव्याचा बल्ब काढून डाव्यात आणि डाव्याचा उजव्यात घातला होता. दोन्ही बल्ब धडधाकट होते. मग पाय आत घेऊन पुन्हा बाहेर काढले. लाल. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. लाल तो लालच. मग विमान विमानतळाच्या मनोऱ्याजवळून कमी उंचीवरून नेलं. मनोऱ्यातल्या माणसानं दुर्बिणीतून पाहून सांगितलं की तिन्ही चाकं बाहेर दिसतात. पण बाहेर असणं वेगळं आणि पक्कं बसणं वेगळं. खाट उघडली आणि पायाची खीळ बसली नाही, तर माणूस बसेपर्यंत खाटही उभीच असते.

शरच्चंद्र बाहेर येऊन यमुताईंच्या खिडकीतून वाकून वाकून बघून गेला. मग उजव्या बाजूला जाऊन तो पाय पाहिला, परत डावीकडे आला. त्याला घाम फुटला होता, पण डोकं जागेवर होतं. आत जाऊन त्यानं सांगितलं, "सांधा सरळ दिसतोय, सर. उजव्यासारखाच. पण इथून बोटभर फरक कळणार नाही, आणि कुलूप न बसायला बोटभर फरक पुरतो."

मधुसूदन विचार करत होते आणि मोठ्यानं विचार करत होते, म्हणजे दोघांनाही कळावं. "साप म्हणून आपण भुई धोपटत असू. कदाचित पाय ठीक आहे आणि दिवाच खोटं बोलतोय. पण दिवा खोटं का बोलेल? बल्ब ठीक आहे. पायाच्या सांध्यावर एक खटका असतो, पाय पक्का बसला की तो दाबला जातो, त्यानं दिवा लागतो. तो खटका सकाळी नागपूरला ठीक होता, हैदराबादला उतरलो तेव्हा ठीक होता. मधे काय झालं? काही कारण सापडत नाही, तोवर मला दिव्यावरच विश्वास ठेवला पाहिजे. आणि पाय खरोखरच कच्चा असेल तर वेगात टेकल्यावर तो मोडेल, विमान डावीकडे फेकलं जाईल, पंखा जमिनीत घुसेल. त्यापेक्षा तिन्ही चाकं आत घ्यायची आणि पोटावर उतरायचं." ते लतिकाकडे वळले. "लोकांना तयार कर. पंख्याच्या रेषेतल्या खुर्च्या रिकाम्या कर. घाई नको, इंधन आहे अजून."

लतिका बाहेर आली. तिचा चेहरा हसरा होता. ते तिला शिकवलेलंच होतं.

शालिकराम तिचीच वाट बघत होते. "काहून वं बाई, आपण हे तळं पुन्हा पुन्हा काहून पाहून राह्यलो? उतराचं नाही का याले?"

"उतरायचं आहे, दादा. एक दिवा लागत नाहीये, तो बघताहेत."

"दिव्यासाठी येवढं? आमच्या बंडीले तं दिवाच नाही."

यमुताई मात्र हसल्या नाहीत. त्या खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. "कोणता दिवा गं?"

"या डाव्या चाकाचा."

"तो कुठून लागतो? चाकाला कसं समजतं लावायचं का नाही ते?"

दुसरी वेळ असती तर लतिका चिडली असती. पण आताच आत ऐकलेलं डोक्यात होतं, ते तिनं सांगून टाकलं. "त्या पायाच्या सांध्यावर एक खटका असतो, आई. पाय सरळ झाला की तो दाबला जातो."

यमुताईंनी खिडकीवरचं नाक काढलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. त्यांनी लेकीचा हात धरला आणि तिला मागे, चहाच्या किटल्या ठेवतात त्या पडद्याआड घेऊन गेल्या.

"बारीक असतो का तो? लोखंडी जिभेसारखा? सांध्यात?"

"तुला कसं माहीत?"

"मी सकाळी तिथं गूळ लावला."

लतिकाला क्षणभर ऐकू आलेलं खरं वाटेना.

"रबराला हळदीकुंकू लावलं, तू म्हणाली तसं. मग नैवेद्य दाखवला. नैवेद्य कुठं रबराला दाखवतात का? तोंडाला दाखवतात. वर पाहिलं, तर सांध्यात ते तोंड उघडं होतं, आत जीभ. हात पुरत होता. मी गुळाचा खडा त्यात दाबून दिला." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "चांगलं व्हावं म्हणून गं. तुझं चांगलं व्हावं म्हणून."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हेच. लतिकाला सगळं डोळ्यांपुढे दिसलं. सकाळी खडा कोरडा होता, खटक्याच्या वाटेत नव्हता. हैदराबादच्या उन्हात तो पाघळून खटक्याच्या फटीत उतरला, आणि वर आभाळातल्या गारठ्यात दगडासारखा गोठला. मधे काय झालं, असं कॅप्टन विचारत होते. हे झालं होतं.

त्यासोबत आणखी एक गोष्ट तिला दिसली. बाहेरच्या माणसाला विमानाला हात लावू दिला, हा साधा गुन्हा नव्हता. गेल्या वर्षी बरोबरच्या एका मुलीनं आपल्या भाच्याला पायलटच्या खुर्चीत बसवून फोटो काढला, तर तिला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं होतं. इथं तर चाकाचा प्रश्न होता, आणि परवानगी लतिकानंच दिली होती.

"आई, हे मी आत सांगितलं तर माझी नोकरी जाईल."

यमुताईंनी सवयीनं विचारलं, "अन् नाही सांगितलं तर?"

"तर चाकं आत घेऊन पोटावर उतरवतील."

"त्यात काय होतं?"

"जमिनीवर घासत जातं. ठिणग्या उडतात. कधी काही होत नाही. कधी आग लागते."

यानंतर यमुताईंनी काही विचारलं नाही. लतिकाला वाटलं, आई म्हणेल सांग, किंवा म्हणेल नको सांगू. दोन्हींतलं काही तरी म्हणावं, म्हणजे आपल्यावरचं ओझं जाईल, असं तिला अगदी आतून वाटलं. पण आई नुसती तिच्याकडे बघत राहिली. मग लतिकानं पडदा बाजूला केला, पदर खोचला आणि ती सरळ पायलटच्या खोलीत गेली.

मधुसूदननी ऐकून घेतलं. "गूळ?" ते म्हणाले.

"हो, सर. मी परवानगी दिली होती. चूक माझी आहे."

"ते नंतर. त्यांना बोलाव. मला जागा नक्की कळली पाहिजे."

यमुताई दारात येऊन उभ्या राहिल्या. कॅप्टननी विचारलं तसं त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि दाखवायला दुसरं काही सापडेना, तेव्हा शरच्चंद्रचा हात धरून कोपरात दुमडला. "हा पाय समजा. हा त्याचा गुडघा. सरळ होताना हे हाड इथं येऊन बसतं. इथं खोबण आहे, तिच्यात ती जीभ. गूळ इथं." आणि त्यांनी त्या पोराच्या कोपराला असा चिमटा घेतला की त्याचे डोळे पाणावले.

"जीभ आत दाबलेली होती की बाहेर आलेली?"

"दाबलेली. मी खडा तिच्या वरच्या बाजूला लावला."

मधुसूदननी शरच्चंद्रकडे पाहिलं. विमान वर गेलं, पाय मोडला, तशी जीभ बाहेर आली. तिच्याभोवती गूळ गोठला. आता पाय कितीही पक्का बसला तरी ती आत दाबली जाणार नव्हती. कारण सापडलं होतं.

"म्हणजे दिवा खोटं बोलतोय," शरच्चंद्र म्हणाला.

"बोलत असावा. पण गुळाच्या भरवशावर मी सगळा भार त्या पायावर टाकणार नाही." कॅप्टननी लाल दिव्याकडे एकदा पाहिलं. "ठीक आहे. पोटावर नको. पायांवर उतरू. उजवं चाक आधी टेकवू, डावं जितकं उशिरा टेकवता येईल तितकं उशिरा, अगदी हळू झाल्यावर. लतिका, बाकीची तयारी तीच ठेव, जणू तो पाय मोडणारच आहे."

यमुताईंची नजर तोवर समोरच्या घड्याळांवर गेली होती. "हे इतके सगळे काटे एकाच वेळी पाहता तुम्ही?"

"आई, तुम्ही जागेवर बसा," मधुसूदन म्हणाले, पण पहिल्यांदाच जरासे हसले.

लतिका लोकांमध्ये गेली. काय होणार आहे ते तिनं सरळ शब्दांत सांगितलं, कारण अर्धवट सांगितलेल्याची भीती जास्त वाटते. चष्मे काढायला लावले, पेनं काढायला लावली, एका आजोबांची कवळी रुमालात बांधून त्यांच्याच खिशात ठेवली. डोकं गुडघ्यांवर कसं टेकायचं ते स्वतः वाकून दाखवलं. शालिकरामांची नवी छत्री काढून घेतली. ते द्यायला तयार नव्हते. "हे मोडन तं?" ते म्हणाले. "मोडली तर मी नवी घेऊन देईन, दादा. तुम्ही मोडू नका." तेव्हा त्यांनी दिली. पंख्याच्या रेषेतली माणसं तिनं एकेक करून मागे नेली.

यमुताई खिडकीजवळच बसून होत्या. "मी इथंच राहते. मी लावला ना गूळ? मग मीच पाहते तो पाय मोडतो का नाही. मोडला तर पहिले मला लागलं पाहिजे."

"आई, ऊठ."

हा आवाज लतिकाचा होता, पण घरातला नव्हता. त्यात राग नव्हता, विनंतीही नव्हती. यमुताईंनी वर पाहिलं आणि उठल्या. निमूटपणे मागच्या खुर्चीत गेल्या, पट्टा बांधला, डोकं गुडघ्यांवर टेकवलं.

मग विमान खाली आलं. लतिका मागच्या छोट्या खुर्चीत पट्टा बांधून बसली होती आणि तिला फक्त लोकांच्या पाठी दिसत होत्या. विमान उजवीकडे कललं. उजवं चाक टेकलं, धक्का बसला, आणि ते तसंच एका पायावर धावत राहिलं, लंगडी खेळणाऱ्या पोरासारखं. कुणीतरी रामनाम घेत होतं. वेग कमी होत गेला. मग डावी बाजू हळूहळू खाली यायला लागली. लतिकानं डोळे मिटले. खाली येतेय, अजून खाली येतेय. टेकलं. विमानानं एक हिसका दिला आणि सरळ चालत राहिलं. पाय मोडला नाही.

मोटारी धावत आल्या. बळीराम सगळ्यांत आधी चाकाखाली शिरला, त्यानं सांध्यात लोखंडी खुंटी अडकवली आणि मग टॉर्च मारून वर पाहिलं. गूळ होता. घट्ट, काळसर, काचेसारखा. त्यात एक मुंगळा अडकलेला होता, आणि बळीरामनं खरवडताच तो पाय हलवायला लागला.

"हा बिना तिकिटाचा हैदराबाद पाहून आला," शालिकराम म्हणाले. सगळे हसले. जीव वाचल्यावर माणसाला काहीही विनोदी वाटतं. लतिका मात्र हसली नाही. इमारतीच्या दारात स्टेशन मॅनेजर महादेवराव उभे होते आणि कॅप्टन त्यांच्याशी बोलत होते.

महादेवराव वाईट माणूस नव्हते. ते लतिकाजवळ आले तेव्हा त्यांना तिच्याकडे सरळ बघवत नव्हतं. "कॅप्टननी सांगितलं, तुम्ही स्वतःहून बोललात म्हणून विमान पायांवर उतरवता आलं. ते मी लिहीन. पण परवानगी तुम्ही दिली होती, तेही मला लिहावं लागेल. चौकशी होईपर्यंत तुम्ही ड्यूटीवर यायचं नाही. बिल्ला द्या."

लतिकानं पदरावरचा बिल्ला काढून त्यांच्या हातावर ठेवला. पुढे चौकशी झाली, तिला तीन महिने घरी बसवलं आणि मग कडक शब्दांचं एक पत्र देऊन परत बोलावलं. पण त्या दुपारी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दुपारी नोकरी गेली होती, आणि सगळे तसंच धरून चालले होते.

कुंपणापाशी भैय्याजी सायकलरिक्षा घेऊन थांबले होते. सगळा प्रकार ऐकून त्यांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग त्यांचा चेहरा खुलला. "देवानंच निकाल लावला, वहिनी. आता विचार करायलाच नको. मी निघतो, अमरावतीला हो म्हणून सांगतो."

"थांबा, भाऊजी," यमुताई म्हणाल्या. मग त्या महादेवरावांकडे वळल्या. "चौकशी म्हणजे विचारणारच ना तुम्ही? मग मला बोलवा. गूळ मी लावला. कुठं, कसा, किती, सगळं सांगते."

"बोलावू, बाई," महादेवराव म्हणाले.

"वहिनी, उशीर होऊन राहिला," भैय्याजी म्हणाले. "मी हो म्हणून सांगू ना?"

यमुताईंनी त्या उभ्या विमानाकडे पाहिलं. "हैदराबादला मी ठरवून टाकलं होतं, हो म्हणायचं," त्या म्हणाल्या. "चहा देते, उलट्या पुसते, त्यासाठी कशाला घर सोडायचं? मग हिनं आपली नोकरी जाणार ते माहीत असून आत जाऊन सांगितलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी काही बोलले नाही, अन् तरी गेली. बाहेर येऊन मला म्हणाली, ऊठ. मी उठले. भाऊजी, मला कुणी काही करायला सांगितलं अन् मी काहून म्हणून विचारलं नाही, असं माझ्या जन्मात झालं नव्हतं."

"ते सगळं खरं. पण आता नोकरी तर गेली ना?"

"गेली असेल. पण ठरवायचं कोणी, ते राहिलंच ना."

त्या लेकीकडे वळल्या. त्यांचा चेहरा लतिकाला नवाच वाटला, जरा ओशाळलेला. विमान मागे का जात नाही ते विचारून झालं होतं, संडास कुठं रिकामा होतो ते विचारून झालं होतं, आज त्या काट्यांचंही विचारून झालं होतं.

"लतिका," यमुताई म्हणाल्या, "तुला काय पाहिजे गं?"

दिवसभर जो हसरा चेहरा लतिकानं धरून ठेवला होता तो आता सुटला आणि ती चारचौघांत, रिक्षावाल्यादेखत, लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडायला लागली. हा एवढा एक प्रश्न तिला कुणी कधी विचारलाच नव्हता.

"उडायचं आहे मला," ती म्हणाली.

"मग अमरावतीला नाही म्हणून सांगतो," असं म्हणत भैय्याजी रिक्षात चढून बसले.